झाकणारा हात

दर शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमारास ते यायचे, हातातली पत्र्याची पेटी कोपऱ्यात ठेवायचे आणि कुणाशी काही बोलण्याआधी तोंड धुवायचे. साबण लावून, कानामागे, मानेपर्यंत. मग चष्मा खिशात ठेवून पंच्याने तोंड टिपायचे, ठेंगण्या स्टुलावर बसायचे, डोळे मिटायचे आणि हनुवटी जराशी वर करून म्हणायचे, "घ्या. पाटी कोरी आहे."

मग समोरच्या मुलीने ब्रश उचलायचा आणि त्या सत्तरीच्या माणसाचं तोंड हवं तसं रंगवायचं.

परळला एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आमचं मुलींचं निवारागृह आहे. सहा ते बारा वर्षांच्या मुली. कुणी रस्त्यावर सापडलेली, कुणी घरातून पळालेली, कुणाला घरातूनच उचलून आणावं लागलेलं. मी तिथे समुपदेशक आहे, म्हणजे मुलींशी बोलायचं आणि त्यांच्याबद्दल अहवाल लिहायचे हे माझं काम. बोलण्यापेक्षा लिहिणं जास्त होतं.

शुक्रवारच्या ह्या तासाला आमच्या रजिस्टरात 'सर्जनशील उपचार सत्र' असं भारदस्त नाव होतं. त्यांना ते वाचून हसू यायचं. "गोळी नाय, इंजेक्शन नाय, आणि उपचार कसला?" ते म्हणायचे. "पोरी माझं तोंड काळं करतात आणि मी गप बसतो. एवढ्या वेळा तोंड काळं झालेला माणूस अख्ख्या गिरगावात दुसरा नसेल."

चाळीस वर्षं त्यांनी नाटकात रंगभूषा केली होती. मूळचे कोकणातले, पण जन्म ठाकूरद्वारच्या एका वाडीतला. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहायची नाहीत, चेहरे राहायचे, आणि तेही आपल्या राहतात तसे नाही. आमच्या अधीक्षिका मॅडमना ते 'कोरडे गाल' म्हणायचे, अर्थात त्यांच्या मागे. मला एकदा दारातूनच म्हणाले, "बाई, तुमची डावी भुवई रागावलीय. घरी भांडलात काय?" खरंच भांडून आले होते.

आमच्याकडे ते आले होते एका दिवसापुरते. मुली वर्षातून एकदा छोटंसं नाटक करतात. ते बसवणाऱ्या बाईंनी त्यांना बोलावलं होतं. बारा मुलींपैकी कुणाला ससा करायचं, कुणाला फूल, एकीला वाघ. अकरा झाल्या. वाघ होणारी मात्र भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि तोंडाला हात लावू देईना. आमच्याकडे अशा मुली पुष्कळ असतात. कुणाचा हात पुढे आला की त्यांची मान आपोआप खाली जाते. नाटकवाल्या बाई समजावत होत्या, मी समजावत होते. ह्यांनी आम्हा दोघींना हातानेच गप केलं. फरशीवर बसले, ब्रशची दांडी तिच्याकडे केली आणि म्हणाले, "अहो, मग मला करा वाघ."

तिने केलं. पिवळा संपला होता म्हणून नाक हिरवं केलं. त्या दिवशी नाटकात वाघ म्हणून तेच गेले, दुखऱ्या गुडघ्यांनी, चार पायांवर. ती मुलगी बाजूला उभी राहून त्यांना कधी डरकाळी फोडायची ते सांगत होती. पुढच्या शुक्रवारी मॅडमनी त्यांना पुन्हा बोलावलं आणि मग ते येतच राहिले.

त्यांनी कधीही कुठल्या मुलीला हात लावला नाही. दार उघडं ठेवायचे, मी खोलीत असायलाच हवी हा त्यांचाच आग्रह. सहा वर्षांच्या मुलीलाही अहो म्हणायचे. ह्या मुलींना आजवर 'ए' आणि 'चल हट' ह्यापलीकडे कुणी हाक मारली नव्हती. पहिल्यांदा 'अहो ताई' ऐकलं की त्या मागे वळून बघायच्या, मागे कोण आलंय ते. काय रंगवलं, कोण आहे हा, असं ते विचारायचे नाहीत. एकच सक्ती होती. जिने रंग लावला तिनेच तो खोबरेल तेल आणि कापूस घेऊन उतरवायचा. "लावता कुणालाही येतं," ते मला म्हणाले होते. "नट घरी जाताना तोंडावर राजा ठेवून गेला तर बायकोशी भांडतो."

मी जे पाहिलं त्यातलं सगळं सांगता येणार नाही. पण एक आठवतं. एका मुलीने त्यांना जाड मिशा काढल्या, दोन पावलं मागे सरली आणि तासभर त्या मिशांना शिव्या घातल्या. मी भायखळ्याच्या चाळीत वाढले आहे, तरी त्यातल्या काही मला नवीन होत्या. ते डोळे मिटून "होय साहेब, चुकलं साहेब" एवढंच म्हणत होते. नंतर तिने तो रंग इतका खसाखसा पुसला की त्यांचा वरचा ओठ दोन दिवस लाल होता. दुसरी एक, अगदी लहान, तिने त्यांचं सगळं तोंड पांढरं केलं, कान आणि पापण्यासुद्धा, आणि म्हणाली, "तुम्ही नाहीच." ते नाहीसे होऊन बसले. मधे चहा आला. त्यांनी घेतला नाही, कारण ते नव्हते. ती मुलगी त्या रिकाम्या स्टुलाशी, म्हणजे त्यांच्याशी, बराच वेळ हळू आवाजात काहीतरी बोलत बसली. चहा गार झाला तो त्यांनी नंतर तसाच प्यायला.

चंदा आली ती दिवाळीनंतर. चंदा हे तिचं खरं नाव नाही. नऊ वर्षांची. दादरच्या फुलबाजारात पोत्यांच्या आडोशाला एका फुलवालीला ती सापडली. नाव सांगायची, वय सांगायची, आणि कोण कोण आहे घरी असं विचारलं की म्हणायची, "कुणी नाही." अंगावर मारहाणीची खूण नव्हती. वागायला इतकी नीटनेटकी की स्वयंपाकघरातल्या बायका तिला जवळ बसवून पोळ्यांना तूप लावायला द्यायच्या.

पहिल्याच शुक्रवारी तिने ब्रश घेतला. निळा, जांभळा, कडेला किंचित पिवळा असा एक डाग तिने त्यांच्या डाव्या डोळ्याखाली काढला. मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसून लिहीत होते. मान वर केली आणि दचकले. त्यांना कुणीतरी खरंच मारलंय असं वाटलं. ओठाच्या कोपऱ्यात तिने एक बारीक लाल रेघ ओढली. मग स्पंज घेतला आणि त्या सगळ्यावर हलक्या हाताने रंग चढवून, पावडर मारून ते झाकून टाकलं. डाग होता कुठे तेही कळेना. एक पाऊल मागे जाऊन तिने त्यांना उजेडाकडे वळायला सांगितलं, नीट पाहिलं, एका जागी पुन्हा बोट टेकवलं आणि म्हणाली, "आता बाहेर जा."

दुसऱ्या शुक्रवारी तेच. तिसऱ्याला तेच. डाग काढायचा, झाकायचा, "आता बाहेर जा." मी माझ्या वहीत लिहिलं की मुलगी स्वतःवर झालेल्या मारहाणीचा अनुभव चित्रातून मांडत असावी. आम्हाला असं लिहायला शिकवतात.

त्यांच्यात मात्र काहीतरी बदलत होतं. चंदाचं रंगवून झालं की ते पेटी बंद करायचे आणि खिडकीशी उभे राहायचे. एरवी जाताना जिन्यात मला मुलींच्या नकला करून दाखवायचे, ते बंद झालं. एकदा मला म्हणाले, "बाई, ह्या पोरीचा हात बघितलात?"

"छान आहे तिचा हात," मी म्हटलं. "चित्रकलेच्या वर्गाला घालू या."

ते पेटी उचलून निघाले.

जानेवारीत चंदाची मावशी आली. दूरच्या एका उपनगरातून, शाळेचे दाखले, आधार कार्ड, चंदाच्या आईच्या मृत्यूचा दाखला, सगळं फाइलला लावून. स्वच्छ साडी, मऊ आवाज. "शोधून शोधून थकलो हो आम्ही," असं म्हणून ती रडली, आणि ते रडणं मला खोटं वाटलं नाही. मी चंदाला बाजूला घेऊन विचारलं, "मावशीकडे जायचंय का?" तिने लगेच मान हलवली. हो. मी पुन्हा विचारलं. पुन्हा हो. मी अहवालात लिहिलं, 'मुलीची घरी जाण्याची तयारी आहे.'

अशा मुलांना कुणाच्या ताब्यात द्यायचं हे एक समिती ठरवते. तिच्यापुढे त्या शुक्रवारी दुपारी दोनची वेळ मिळाली होती. म्हणजे सकाळी अकराचं सत्र व्हायचं, मग निघायचं. चंदाला गृहमाता, म्हणजे मुलींबरोबर राहणाऱ्या बाई, टॅक्सीने नेणार होत्या. मी मागून कागद घेऊन जाणार होते.

त्या सकाळी चंदाने नेहमीसारखा डाग काढला. ओठावरची रेघ ओढली. मग स्पंजकडे हात नेला, तेव्हा त्यांनी डोळे उघडले. सत्र चालू असताना त्यांनी डोळे उघडलेले मी कधी पाहिले नव्हते.

"ताई, आज झाकू नका."

"झाकायचं असतं," चंदा म्हणाली.

"आज नाय."

"मग पुसायचं असतं." तिने कापूस उचलला. "तुम्हीच सांगितलंय, पुसायचं असतं."

ते उठले. चष्मा घातला आणि तसेच, तो काळानिळा डोळा घेऊन, खोलीबाहेर आले. मी मागोमाग गेले. जिन्यात थांबून ते मला म्हणाले, "मी येतो तुमच्याबरोबर."

"काका, तसं चालत नाही. इथलं रंगवलेलं इथेच राहतं. तुमचाच नियम आहे."

"होय. माझाच." मग खाली बघत म्हणाले, "बाई, मार खाल्लेल्या पोराचा हात असा चालत नाय. ते डाग काढतं ना, तर रागाने काढतं नायतर भिऊन. ही कशी काढते बघा. पुढे झाकायचा आहे म्हणून काढते. झाकताना घासत नाय, टिपते, म्हणजे दुखू नये. मागे सरून उजेडात बघते. हा शिकलेला हात आहे. हे तोंड तिचं नाय. त्या घरात आणखी एक पोर आहे आणि ह्या पोरीला त्याचं तोंड झाकायला लावत होते."

मला ते पटलं असं मी म्हणणार नाही. पण मी त्यांना थांबवलं नाही.

बसमध्ये लोक बघत होते. एक कॉलेजची मुलगी उठली, त्यांना जागा दिली आणि म्हणाली, "काका, पडलात का?" ते "हो" म्हणाले. ती उतरून गेली. मग ते खिडकीकडे बघत बोलायला लागले.

"एक नाटक होतं. त्यात एका लहान मुलीचं काम. आठ-नऊ वर्षांची पोर. तिचा काका तिला घेऊन यायचा, हसतमुख माणूस. पोरीच्या मानेवर, कधी कानामागे डाग असायचा. मी विचारलं, काय झालं? पडले म्हणाली. मी रंग लावला, झाकला. पुढच्या प्रयोगाला दुसरीकडे डाग. तो झाकला. पहिल्या रांगेतल्या माणसालासुद्धा दिसायचा नाय. मॅनेजर म्हणायचा, तुमच्या हातात जादू आहे. मला बरं वाटायचं, बाई. खोटं कशाला बोलू? अभिमान वाटायचा."

"मग?"

"मग एके दिवशी त्या कामाला दुसरी पोर आली. पहिली कुठे गेली विचारलं तर म्हणे गावाला. नाटक पुढे वर्षभर चाललं." त्यांनी चष्मा काढला, पुसला, डागाला धक्का न लावता परत घातला. "ती आता चाळिशीची असेल. असली तर."

समितीच्या खोलीत त्यांना तसं बघून सगळे चमकले. अध्यक्षबाई वयस्कर होत्या, त्यांनी आधी पाणी द्यायला सांगितलं. मी काय ते समजावलं. चंदा गृहमातांजवळ बसली होती. त्यांच्या तोंडावरचा न झाकलेला डाग पाहिला आणि ती भिंतीकडे वळली.

ते फार बोलले नाहीत. जिन्यात मला जे सांगितलं तेच सांगितलं, थोडं अडखळत. शेवटी म्हणाले, "मी शिकलेला माणूस नाय. मला हात कळतात."

अध्यक्षबाईंनी मावशीला विचारलं, "घरात आणखी कुणी लहान मूल आहे?"

"नाही हो," मावशी म्हणाली. "कुणी नाही."

त्या शब्दावर चंदाने भिंतीकडची मान वळवली आणि मावशीकडे पाहिलं. फक्त पाहिलं. पण अध्यक्षबाईंची नजर त्या वेळी चंदावर होती. त्यांनी पेनाचं टोपण लावलं, चंदाचा ताबा देणं थांबवलं, आणि त्या घराची तात्काळ चौकशी करावी असा आदेश लिहून घेतला. 'तात्काळ' खाली त्यांनी स्वतःच्या हाताने रेघ मारली. मावशी फाइल छातीशी धरून निघून गेली. जाताना तिचा आवाज मऊ नव्हता.

आता जे सांगते आहे ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

त्या आदेशाची प्रत आमच्या हातात दिली होती. ती आम्ही त्या भागातल्या बालसंरक्षणाच्या कचेरीला मेल करायची, फोन करून कळवायचं, की मग तिथली माणसं त्या घरी जाणार. मी परळला परतले तेव्हा पाच वाजून गेले होते. भायखळ्याला माझ्या चुलतबहिणीची हळद होती, घरून फोनवर फोन येत होते. प्रत टेबलावर ठेवली. स्कॅनर बंद होता, तो चालू व्हायला वेळ घेतो. शनिवारी तिकडे कोण असणार, असं मी मनाशी म्हटलं. पर्स उचलली तेव्हा चंदा टेबलाशी येऊन उभी होती. तिची नजर त्या कागदावर होती.

"काही हवंय का गं?"

तिने नजर उचलली नाही.

"सोमवारी बघू या हं," मी म्हटलं आणि निघाले.

सोमवारी सकाळी मेल गेला. मंगळवारी तिकडची माणसं त्या घरी पोचली. आतल्या खोलीत एक पाच वर्षांची मुलगी सापडली. चंदाची सख्खी धाकटी बहीण. तिचा जन्मदाखला मावशीने फाइलला लावलाच नव्हता. डाव्या डोळ्याखाली डाग होता, जुना, पिवळा पडत चाललेला. आणि डावा हात मनगटाच्या वर मोडलेला होता. मावशीचं म्हणणं, जिन्यावरून पडली. हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी सांगितलं, हात दोनतीन दिवसांपूर्वी मोडलेला आहे. म्हणजे शनिवारी, फार तर रविवारी.

बुधवारी धाकटीला आमच्याकडे आणलं, हात प्लास्टरमध्ये. आम्हाला वाटलं दोघी बहिणी एकमेकींना मिठी मारतील. चंदा धावत आली आणि दोन हात अंतरावर थांबली. मग हळूच हात पुढे केला. तो हात बघून धाकटीने डोळे मिटले, हनुवटी वर केली आणि तोंड तिच्यापुढे धरून स्थिर उभी राहिली. चंदाचा हात तिथेच राहिला. गृहमाता तोंडाला पदर लावून आत गेल्या.

शुक्रवारी ते आले. तोंड धुतलं, बसले, पण डोळे मिटले नाहीत. चंदा दारात उभी होती.

"तुम्ही तसेच बाहेर गेलात," ती म्हणाली. रंगाच्या खेळाबाहेरचं काही ती त्यांच्याशी पहिल्यांदाच बोलत होती. "म्हणून मावशीने छोटीला मारलं."

ते तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "होय, ताई."

चंदा गेली. ती पुन्हा कधी त्या खोलीत आली नाही. बाकीच्या मुली रांगेत होत्या. त्यातल्या पहिलीने ब्रश उचलला तेव्हा त्यांनी तो हलकेच तिच्या हातातून घेतला. "आज नको. आज पाटी कोरी नाय."

निघताना त्यांनी मला जिन्यात गाठलं. "बाई, त्या लेकराचा हात. जुना मोडलेला की ताजा?"

"जुना," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. चाळीस वर्षं चेहरे वाचलेला माणूस. फार वेळ नाही, दोन-तीन क्षण. मग मान हलवली आणि पेटी घेऊन खाली उतरले. ताजा आहे हे त्यांना कळलं होतं. त्यांना कळलं नाही ते एवढंच, की मी खोटं का बोलले. त्यांना वाटलं, त्यांना दुःख होऊ नये म्हणून.

पुढच्या आठवड्यात मॅडमनी त्यांना पत्र पाठवलं. सत्रातली गोष्ट मुलीच्या संमतीशिवाय बाहेर नेणं संस्थेच्या नियमात बसत नाही, आभारी आहोत, वगैरे. पत्राचा मसुदा माझाच होता. त्यांनी फोन करून मॅडमना सांगितलं, "बरोबर आहे तुमचं." शुक्रवारी आता प्रशिक्षण घेतलेली एक मुलगी येते, कागद आणि खडू घेऊन. चांगली आहे. मुलींना आवडते.

त्यांच्याकडे मी चार वेळा गेले. वाडीतल्या पहिल्या मजल्यावरची खोली, सोबत विधवा बहीण. त्या घावणे करायच्या आणि भावाची तक्रार सांगायच्या. "बोलत काय नाय. टीव्हीवरच्या बायकांची तोंडं बघत बसता. हिची पावडर जास्त, तिचो ओठ वाकडो." तेवढ्यापुरते ते हसायचे. मग बहीण आत गेली की विचारायचे, "धाकटीचा हात वळतो ना नीट?"

"वळतो."

"मी पुसून गेलो असतो तर बरं झालं असतं काय?"

"काका, तुम्ही गेला नसतात तर ती सापडलीच नसती."

"ते खरं. पण तो हात माझ्या बोलण्याने मोडला ना."

चारही वेळा ते हे म्हणाले. चारही वेळा मी सांगायचं ठरवून गेले होते. शुक्रवारी संध्याकाळी कागद माझ्या टेबलावर होता, एवढं एकच वाक्य. शनिवारी सकाळी कुणी पोचलं असतं तर कदाचित हात वाचला असता. कदाचित नसताही. पण ते ओझं दोघांचं होतं आणि ते एकटेच उचलत होते, माझ्यासमोर बसून. मी घावणा खायचे, नारळाच्या रसाची वाटी संपवायचे. एकदा तोंड उघडलं होतं. तेवढ्यात ते म्हणाले, "बाई, तुम्ही येता म्हणून बरं वाटतं." मग मला जमलं नाही.

दोन्ही बहिणी एकत्र राहू शकतील अशा दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका वसतिगृहात त्यांना पाठवलं गेलं. जायच्या दिवशी चंदाने धाकटीची वेणी घातली, दोघींच्या पिशव्या भरल्या आणि मला नमस्कार केला. ती घरातून का पळाली, मदत आणायला की तो स्पंज पुन्हा हातात घ्यायला नको म्हणून, हे तिने कुणालाच सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

गेल्या थंडीत ते गेले. मला कळलं तेव्हा तेरावंही होऊन गेलं होतं. नाटकवाल्या बाईंनी बोलता बोलता सांगितलं, मला माहीत असेल असं समजून. मी वाडीत गेले. खोलीला कुलूप होतं, बहीण गावी निघून गेली होती. शेजारच्या बाई म्हणाल्या, "दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. कुणाला त्रास नाही काही नाही."

आमच्याकडे आता त्या वेळच्या मुलींपैकी एकही नाही. सांगायचं कुणाला? मी चंदाच्या वसतिगृहात फोन लावला आणि तिथल्या बाईंना म्हटलं, असं असं झालंय, तिला जरा सांगाल का, सांभाळून. त्या म्हणाल्या, सांगते आणि कळवते. मी ऑफिसात बसून राहिले. अर्ध्या तासाने त्यांचा फोन आला.

"सांगितलं तिला."

"काय म्हणाली?"

"काही नाही. बरं, म्हणाली. मग म्हणाली, शाळेला उशीर होतोय, जाऊ का?"

"आणि धाकटी?"

"तिला कोण ते आठवत नाही."

मी त्यांचे आभार मानले. बाहेर जेवणाची पंगत बसत होती, ताटांचे आवाज येत होते. मी दारात जाऊन मुली मोजल्या. एकवीस. सगळ्या होत्या. गृहमातांनी विचारलं, "काय झालं मॅडम?" मी काही नाही म्हटलं आणि पहिल्या मुलीपासून पुन्हा मोजायला लागले.